साधनाबाईंनी घेतलेली परीक्षा

चंद्रपूरला विद्यापीठाच्या उपकेंद्राच्या ग्रंथालयात साधना पचारे नोकरीला लागली, तेव्हा ती 'मले' म्हणायची. पहिल्याच आठवड्यात देशकरांनी तिला ते सोडायला लावलं.

सुरेंद्र देशकर तिथले तालिकाकार. आलेल्या प्रत्येक पुस्तकाचं कार्ड लिहायचं, त्याला क्रमांक द्यायचा, ते कोणत्या विषयात बसतं ते ठरवायचं, हे त्यांचं काम. माणूस नागपूरचा. अक्षर मोत्यासारखं आणि जीभ विळ्यासारखी. त्यांनी साधनाला सगळ्यांसमोर विचारलं, "दाखल अंक आणि बोधांक यांत फरक काय?"

तिला येत होतं. पुस्तक ग्रंथालयात ज्या क्रमानं आलं तो दाखल अंक, आणि पाठीवर चिकटवलेला, पुस्तक कोणत्या रॅकवर सापडेल ते सांगणारा तो बोधांक. नागपूरला खोली करून, अर्धपोटी राहून ती हेच शिकली होती. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मले वाटते..."

"थांब," देशकर म्हणाले. "आधी माणसांची भाषा शीक. पुस्तकांची मग बघू."

पुढे तिची जात कळली, बाप वैनगंगेकाठी चिखलटोल्याला तळ्यात जाळं टाकतो हे कळलं, तेव्हा तर त्यांना करमणूकच झाली. नवीन पुस्तकांचा गठ्ठा तिनं उचलला की ते म्हणायचे, "हात धुतलेस ना? मागच्या खेपेला इतिहासाच्या कपाटाला झिंग्यांचा वास येत होता." टेबलाभोवतीचे हसायचे. साधनाही हसायची. देशकरांना तिनं पुढे कधीतरी माफ केलं असतं, पण आपण तेव्हा हसलो, हे तिला स्वतःला कधी माफ करता आलं नाही.

तिनं बोलणं बदललं. आरशासमोर उभं राहून 'मला, तुला, त्याला' घोकलं. 'काऊन' गेलं, 'कुठी' गेलं. बल्लारपूरच्या कागद कारखान्यातल्या धनराजशी लग्न झालं, तिथं क्वार्टर मिळालं. ती रोज सकाळी गाडीनं चंद्रपूरला जायची आणि संध्याकाळी परत यायची. डब्यातल्या बायकांना ती पुण्याकडची वाटे, आणि तसं कोणी विचारलं तर ती नाही म्हणत नसे. देशकरांची बदली झाली. त्यांची खुर्ची साधनाला मिळाली. खुर्चीबरोबर जीभही मिळते, हे तिच्या हाताखालच्यांना लवकरच समजलं.

अशातच एका रविवारी तिचे वडील, रामाजी, क्वार्टरवर आले. ओसरीवर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "मनकर्णेचा घरवाला गेला. दिरानं घरातून काढलं. तुह्या हापिसात झाडपुसाचं काम असन त पाय न बाई."

मनकर्णा नान्हे म्हणजे त्यांची शेजारीण. साधनाची आई तापानं गेली तेव्हा साधना पहिलीतही नव्हती. बाप पहाटे तळ्यावर जायचा, आणि पोरीची वेणी घालणं, तिला भात-मासोळी खाऊ घालणं, शाळेत नेऊन सोडणं हे सगळं मनकर्णानं केलं. तिला स्वतःला मूल झालं नाही. साधनाला शाळेतून काढून धानाच्या रोवण्याला धाडावं असं रामाजींच्या भावांनी म्हटलं, तेव्हा हीच बाई त्यांच्या अंगणात उभी राहून भांडली होती.

साधनाला नाही म्हणता आलं नाही. ग्रंथालयात कंत्राटावर परिचर हव्या होत्या, पुस्तकं पुसायची, वाचून झालेली परत रॅकवर लावायची. मनकर्णा चौथी शिकलेली होती, आकडे वाचता येत होते. काम झालं. पण तिला घ्यायला साधना चंद्रपूरच्या बसस्टँडवर गेली, तेव्हा तिनं आधी एक गोष्ट सांगून टाकली.

"तिथं मला मॅडम म्हणायचं. गावाचं नाव काढायचं नाही. ओळख आहे हेसुद्धा कोणाला सांगायचं नाही."

मनकर्णानं डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं आणि हसली. "बरं बाप्पा. म्याडम त म्याडम. मले का, जीभ माहीच हाय, वळवतो."

दीड-दोन वर्षं तिनं ती वळवली. बाबूपेठेत एक खोली घेऊन राहिली. इंग्रजी आकडे शिकली. तिथला जुना शिपाई इतवारी तिला रॅक दाखवायचा. पुस्तक चुकीच्या जागी गेलं की बोलणी खायची, पुन्हा लावायची. मॅडम म्हणताना तिच्या ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसू असायचं, जणू दोघींचा काही खेळ चाललाय. ते हसू साधनाला खुपायचं.

मग नागपूरहून तपासणी समिती आली. साधना पाहुण्यांना कार्डांची कपाटं दाखवत होती. तालिका कशी ठेवली आहे, एका पुस्तकाची कार्डं किती ठिकाणी लागतात, हे ती सफाईदारपणे सांगत होती. ग्रंथपाल बोम्मावार सर कौतुकानं मान हलवत होते. दुपार टळून गेली होती. मनकर्णा चहाचे कप उचलायला आली, साधनाचा उतरलेला चेहरा तिनं पाहिला आणि तिला राहवलं नाही.

"साधे, डब्बा तसाच हाय वो तुहा. बिमार पडशीन अशानं!"

समितीतल्या बाईंनी हसून विचारलं, "तुमच्या नात्यातल्या का?"

"नाही," साधना म्हणाली. "खेड्यातली बाई आहे. कुणाशी कसं बोलावं ते कळत नाही त्यांना."

मनकर्णा कप घेऊन गेली. त्या दिवसानंतर तिच्या ओठांवर हसू दिसलं नाही, आणि साधनाला तेवढ्यानं समाधान झालं नाही. तिनं मनकर्णाला मागच्या खोलीत जुन्या मासिकांच्या धुळीत घातलं. तिला खोकला लागला, तरी तिथंच ठेवलं.

शतक संपत आलं तसं विद्यापीठाचं परिपत्रक आलं. आता कार्डं जाणार, संगणक येणार. सर्व कर्मचाऱ्यांना तालिकीकरणाच्या संज्ञांचं प्रशिक्षण द्यावं, आणि संज्ञा मराठीतून शिकवाव्यात. परिपत्रकात एवढंच होतं. परीक्षेचं नाव नव्हतं. बोम्मावार सर निवृत्तीकडे डोळे लावून बसलेले, भला माणूस, पण कशातच न पडणारा. साधना त्यांना म्हणाली, "सर, परीक्षा ठेवू या. नाही तर कोणी मनावर घेणार नाही. कंत्राटातल्यांना पास झाल्याशिवाय मुदतवाढ नको."

"करा बाई तुम्ही," सर म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीनंतर वाचन कक्षात वर्ग भरू लागला. कायम नोकरीतल्यांना काही धास्ती नव्हती. इतवारी तर पेंगायचा. धास्ती एकट्या मनकर्णाला होती, आणि साधना तिलाच उठवायची.

"दाखल अंक म्हणजे काय?"

"दाखल म्हंजे..." मनकर्णानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "दवाखान्यात करतेत न जी, तसं."

वर्ग हसला. साधनानं हसू दिलं. मग म्हणाली, "म्हणजे आपली पुस्तकं आजारी आहेत? कुठल्या वॉर्डात ठेवायची, बाई?" पुन्हा हसले. "उभ्याच राहा. तास संपेपर्यंत."

पन्नाशीची बाई भिंतीला न टेकता उभी राहिली. दुसऱ्या दिवशी साधनानं तिच्याकडून बोधांकाची व्याख्या पुन्हा पुन्हा म्हणवून घेतली. एक शब्द मागेपुढे झाला की पहिल्यापासून. 'निर्देशी नोंद' हा शब्द तिच्या तोंडी बसेना, ती 'निरदोशी' म्हणायची. साधना दर वेळी तो तिच्याच उच्चारात म्हणून दाखवायची, आणि वर्गाकडे बघायची. आपला आवाज देशकरांसारखा निघतोय हे तिला ऐकू यायचं. ते ऐकून तिला बरं वाटायचं, हे खरं.

एकदा इतवारी तिला पायऱ्यांवर गाठून म्हणाला, "म्याडम, राग नोका मानू. बाई पुस्तकं बरोबर लावून राह्यली, चुकली त दुरुस्त करून राह्यली. तिले व्याख्या कायले पायजे?"

"इतवारी, तुमची नोकरी पक्की आहे. तुम्ही सुखानं झोपा."

मनकर्णानं अभ्यास केला. खोलीत स्वैपाक करताना घोकायची, रस्त्यानं चालताना ओठ हलायचे. पण शब्द पाठ व्हायचे आणि साधना समोर आली की उडून जायचे. उन्हात वाळत घातलेल्या मासळीवरून घारीची सावली जावी तसं काहीतरी तिच्या तोंडावरून जायचं.

परीक्षेच्या दिवशी टेबलामागे बोम्मावार सर, महाविद्यालयातले एक प्राध्यापक आणि साधना बसले होते. मनकर्णा धुतलेलं लुगडं नेसून आली होती. पहिले दोन प्रश्न सरांनी विचारले, सोपे. तिनं अडखळत का होईना, उत्तरं दिली. सर म्हणाले, "छान, छान." मग साधनानं विचारलं, "मुख्य नोंद आणि जोड नोंद म्हणजे काय?"

मनकर्णानं डोळे मिटले. व्याख्या सापडेना. मग डोळे उघडून ती सरांकडे बघून बोलली, गावात बोलावं तशी.

"सायेब, कसं हाय, पुस्तक ज्यानं लिवलं त्याच्या नावाचं कार्ड, ते मुख्य. आन दुसऱ्या कोनी हात लावला असन, त्याच्या नावाचं आनखी एक कार्ड, ते जोडीचं. आता पोरीचं पाहा. शाळेत नाव बापाचं लागते. पन वाढवलं दुसऱ्याच बाईनं. तिचंही एखांद कार्ड राह्यते न जी कुठंतरी."

तिनं साधनाकडे पाहिलं नाही, पण साधनाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. प्राध्यापक हसले, "बरं सांगितलं की!" सरही हसले.

"मी व्याख्या विचारली आहे," साधना म्हणाली. "गोष्टी नाही. व्याख्या सांगा."

मनकर्णानं पुन्हा पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"निर्देशी नोंद? विश्लेषक नोंद? प्रमाणित शीर्षक?" साधना एकामागून एक विचारत गेली. पुस्तकं पुसणाऱ्या बाईला ज्यांचा जन्मात उपयोग होणार नव्हता, ते शब्दही विचारले. प्रत्येक प्रश्नानंतर ती पुरेसा वेळ थांबायची. शेवटी मनकर्णाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि प्राध्यापक खिडकीबाहेर बघू लागले.

बाई गेल्यावर सर म्हणाले, "काम बरं करते हो ती. ठेवू या का? तुम्ही म्हणाल तसं."

एक शब्द पुरे होता. साधनाला ते माहीत होतं. तिनं पेनाचं टोपण लावलं. "नियम सगळ्यांना सारखा हवा, सर."

संध्याकाळी मनकर्णा तिच्या टेबलाशी आली. आजूबाजूला कोणी नाही हे पाहून तिनं हळूच विचारलं, "त्या दिवशी साऱ्यांसमोर नाव घेतलं म्हनून का?"

"तुम्ही नापास झालात म्हणून," साधना म्हणाली आणि कार्डांचा ट्रे पुढे ओढला.

गावी दिराच्या दारात जागा नव्हती. रामाजींनी आपल्या गोठ्याशेजारची खोली तिला दिली. आपल्याला काम जमलं नाही, एवढंच मनकर्णानं त्यांना सांगितलं. साधनाचं नाव तिनं घेतलं नाही. धानाची कापणी झाली आणि गावच्या बाया मिरची तोडायला आंध्रात निघाल्या, तेव्हा ती त्यांच्याबरोबर टेम्पोत बसली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी साधनाला ती बल्लारपूर स्टेशनावर दिसली. फलाटावर मिरचीच्या पोत्यांना टेकून बायांचा घोळका बसला होता. मजुरी म्हणून मिरचीच मिळते, ती घेऊन परत चालल्या होत्या. मनकर्णाचे हात सुजून लाल झाले होते, बोटांना चिरा पडल्या होत्या. ती हात हवेत धरून बसली होती, कशालाही न लावता. डोळे तर जेमतेम फटीएवढे उघडत होते. साधना पुढे निघून जाऊ शकली असती. पण तिला दिवस गेलेले होते, घरात बाई हवी होती, आणि बल्लारपुरात विश्वासाची बाई मिळत नव्हती.

"घरी काम आहे," तिनं उभ्या उभ्या सांगितलं. "राहून खाऊन. करता का?"

मनकर्णानं आवाजावरून ओळखलं. आपले हात डोळ्यांजवळ नेऊन बघितले. "भांड्याच्या पान्यानं आग होईन काई दिवस," ती म्हणाली. "मंग जमन."

ती आली. व्हरांड्यात झोपायची, सगळ्यांच्या मागून जेवायची. धनराजला हे रुचायचं नाही. "अगं, तुला वाढवलं त्या बाईनं," तो एकदा म्हणाला. साधना म्हणाली, "म्हणून तर ठेवली. नाही तर मिरचीत मेली असती." त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही.

रीता जन्मली. मनकर्णानं तिला शेकलं, न्हाऊ घातलं, पायांवर झोपवलं. पोरीशी ती बोलू लागली तशी साधनानं दारातून दटावलं, "तिच्याशी तसं बोलू नका. मले-तुले शिकेल ती. शाळेत हसतील."

"मंग कसं बोलू?"

"नाही बोललात तरी चालेल."

तेव्हापासून मनकर्णा त्या पोरीला मुक्यानं वाढवू लागली. घास भरवताना नुसतं तोंड उघडून दाखवायची. झोपवताना नुसता घशातून सूर काढायची, शब्द नाही. साधना कामावर असतानाही ती बोलत नसे, कारण भिंतीला भिंत लागून शेजार होता आणि शेजारीण साधनाच्या मैत्रिणींपैकी.

बोम्मावार सर निवृत्त झाले तेव्हा साधनानं त्यांना आणि ग्रंथालयातल्या सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. मनकर्णानं पहाटेपासून रांधलं. पहिली पंगत बसली, गरम भात वाढायला ती बाहेर आली आणि इतवारीच्या हातातला घास तसाच राहिला.

"अरे, ही आपली बाई ना?" सर म्हणाले.

"हो सर," साधना म्हणाली. "बिचारीला कोणी नव्हतं. म्हटलं, आपल्याकडं असू दे."

"वा!" सरांना खरंच कौतुक वाटलं. "नियमाला कठोर, पण मन बघा. अशी माणसं कुठं मिळतात आता?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मनकर्णा भाताचं पातेलं घेऊन उभी होती. तिनं सरांच्या ताटात आणखी वाढलं. इतवारी मात्र ताट उचलून स्वैपाकघरात गेला आणि तिथं जमिनीवर बसून जेवला.

थोड्या वेळानं रामाजी फाटकाशी आले. पळसाच्या पानांत बांधलेली मरळ मासोळी हातात, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं. कळवून यायची त्यांना कधी सवयच नव्हती. साधना लगबगीनं पुढे झाली.

"बाबा, मागच्या दारानं या. साहेब जेवताहेत."

ते मागच्या दारानं आले. मनकर्णा बल्लारपुरात कुठंतरी कामाला आहे, एवढंच त्यांना माहीत होतं. मोरीपाशी खरकट्या भांड्यांच्या ढिगात ती बसली होती. बाहेरून सरांचा आवाज येत होता, साधनाच्या मोठ्या मनाबद्दल अजून चाललं होतं. रामाजी मासोळी हातात धरून तिथंच उकिडवे बसले. इतवारीनं त्यांना ओळख विचारली. त्यांनी सांगितली. इतवारी साधा माणूस, त्यानं तिथंच, हलक्या आवाजात, परीक्षेचं सगळं सांगून टाकलं. मनकर्णा "जाऊ द्या न भाऊ" म्हणत राहिली.

पाहुणे गेल्यावर साधना आत आली. "बाबा, हातपाय धुवा, वाढते."

"मी जेवत नाई," रामाजी म्हणाले.

"कोणी काय सांगितलं तुम्हाला?"

"कोनी काई नाई सांगतलं. मले डोये हायेत." ते उठले. "मनकर्णे, तुह्या चिंध्या घे. चाल."

"भाऊ, पोरगी झोपली हाय, उठन त रडन."

"तिची माय हाय न घरी."

साधना चिडली. आपण काय वाईट केलं, हिला अन्न दिलं, छप्पर दिलं, असं ती बोलत गेली, शुद्ध आणि स्पष्ट. बाप ऐकत राहिला. मग म्हणाला, "बाई, तू बोलतेस ते आता मले समजत नाई." आणि दोघं निघाली. मरळ ओट्यावरच राहिली. तिचे कल्ले अजून हलत होते. धनराजनं ती शेजारी देऊन टाकली.

रीता पंधरवडाभर रडली. मनकर्णासाठी रडते आहे हे तिला सांगता येत नव्हतं, कारण तिला अजून नीट बोलताच येत नव्हतं. शेजारणी म्हणायच्या, पोर उशिरा बोलतेय, डॉक्टरला दाखवा.

रामाजी पुन्हा बल्लारपूरला आले नाहीत. साधना एका दिवाळीला गेली, तर ते दिवसभर तळ्यावरच राहिले. पुढच्या पावसाळ्यानंतर त्यांचं पोट फुगलं. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात नेलं, तिथून परत आणलं. एका दुपारी साधनाचा चुलतभाऊ लच्छू ग्रंथालयात आला. संगणकासमोर बसलेल्या साधनाशेजारी उभा राहून तो म्हणाला, "ताई, काका गेले. माती झाली. आज तिसरा दिवस."

ती, धनराज आणि रीता मिळेल त्या गाडीनं पोचली तेव्हा घर सारवून झालं होतं. अंगणात बाया बसल्या होत्या. कोणी तिच्या गळ्यात पडून रडलं नाही. सरकून जागा केली, एवढंच. मनकर्णा चुलीपाशी होती, केस पार पांढरे झालेले.

"मला कळवलं नाहीत," साधना म्हणाली.

"भाऊनंच सांगून ठेवलं होतं, माती झाल्याबिगर निरोप नोका देऊ. मी म्हटलं, असं नोका करू. आयकलं नाई." तिच्या बोलण्यात राग नव्हता. साधना त्याची वाट बघत होती. ही बाई ओरडेल, शिव्या देईल, मग आपल्याला काही म्हणता येईल, रडता येईल. मनकर्णानं ताट घेतलं, भात वाढला, वरण वाढलं आणि पाव्हण्याला विचारावं तसं विचारलं, "तिखट चालते न?"

रीता दाराआडून बघत होती. मनकर्णा तिच्याकडे बघून हसली, पण तिला जवळ बोलावलं नाही. बोलावं की नाही हे तिला अजूनही माहीत नसावं. पोर स्वतःच चालत गेली आणि तिच्या मांडीवर बसली.

साधनानं दोन घास खाल्ले. लच्छू बाहेरून म्हणाला, शेवटची बस सुटन. धनराजनं पोरीला उचलायला हात पुढं केले, तर ती मनकर्णाचा पदर सोडेना. बोटं एकेक करून सोडवावी लागली. ती साधनानं सोडवली. बाया बघत होत्या.

बस ब्रह्मपुरीला लागेपर्यंत पोर ओरडत होती. त्यानंतर साधना चिखलटोल्याला गेली नाही. घर लच्छूनं ठेवलं. गोठ्याशेजारच्या खोलीत मनकर्णा आणखी काही वर्षं राहिली, आणि ती गेल्याचं साधनाला कोणी कळवलं नाही.